पान सहा कुणाचं?

आमच्या गटात मला ‘भिंग’ म्हणतात. हे नाव मास्तरांनी ठेवलं आणि मी ते बरीच वर्षं मिरवलं. आता कुणी त्या नावानं हाक मारली की मी ऐकू न आल्यासारखं करते. पण ‘हे नाव नको’ म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते सांगायचं नाही असा मी शब्द दिला आहे. म्हणून इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही आणि चित्रकथेचंही बदललं आहे. वाचणाऱ्यांना ही गोष्ट वाटली तर बरंच. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांना आम्ही शाईकाका म्हणतो.

आमचा गट चित्रकथांच्या वेड्यांचा. दर रविवारी सकाळी आम्ही बाइंडरच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. पुढे कागद कापायचं यंत्र, खळीचा डबा, दाबाखाली ठेवलेली पुस्तकं, आणि मागे चार स्टुलं, एक बाक आणि छतापर्यंत अंकांचे गठ्ठे. बाइंडर बोलायला फटकळ, पण जुना सुटा अंक शिवून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मास्तर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक. कुठला अंक कुठल्या वर्षी किती दिवस उशिरा आला हे त्यांना पाठ, स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागते. शिवाय फोनवर आमचे तीन-चार हजार सभासद आहेत. ते दिवसभर भांडतात आणि रविवारी त्यातली निवडक भांडणं आम्ही समोरासमोर भांडतो.

भांडणं कसली? जुना प्रकाशक चांगला की नवा. अमुक लेखकानं मालिका सोडल्यावर तिच्यात राम उरला की नाही. आणि सगळ्यात लाडकं भांडण म्हणजे ‘नकाशेवाला’. हा एक गबाळा सर्वेक्षक. कुठलाही नकाशा उलगडला की त्यात उतरतो आणि संध्याकाळी चिखलाचे बूट घेऊन घरी येतो. लहानपणी मी त्याच्यापायी अभ्यास बुडवला, आणि मोठेपणी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले तीही, खरं सांगायचं तर, बारीक पाहायची सवय त्याच्या पानांनी लावली म्हणून.

चित्रकथेचं पान दोघं करतात. एक पेन्सिलनं काढतो, दुसरा त्यावर शाई चढवतो. पेन्सिलवाल्याचं नाव छापतात. शाईवाल्याचं छापत नसत. जुन्या प्रकाशकाच्या स्टुडिओत चार-पाच शाईवाले होते, आणि कुठलं पान कुणी केलं याची कुठेही नोंद नाही. त्यामुळे आमचा एक खेळच होऊन बसला. पान उघडायचं, रेषा पाहायची आणि हात ओळखायचा. या खेळात माझ्याशी कुणी पैज लावत नसे. पाण्याची रेषा लांब, मध्ये जाड आणि टोकाला सुईसारखी असली की तो शाईकाकांचा हात, असं मी सांगायचे आणि सगळे माना डोलवायचे.

खरं-खोटं करायला खुद्द काका बाकावर बसलेले असायचे. तीस वर्षं त्या स्टुडिओत काढलेला माणूस. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग. आम्ही विचारायचो, “काका, हे तुमचंच ना?” ते चहा फुंकत म्हणायचे, “ओळखा तुम्ही. मी कशाला सांगू?” इतक्या वर्षांत ते एकदाही हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. मास्तर चिडायचे. “अहो, उत्तरपत्रिका समोर बसलीय आणि तोंड उघडत नाही!” काका हसायचे. मला वाटायचं, माझी उत्तरं बरोबर असतात म्हणूनच ते हसतात.

मग ‘नकाशेवाला’ पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. मोठ्या कंपनीनं जुन्या प्रकाशकाकडून हक्क घेतले आणि पुन्हा ‘अंक पहिला’ जाहीर केला. हा त्याचा चौथा अंक पहिला. “एवढ्या वेळा तर आमचा नापास मुलगाही पहिलीत बसला नव्हता,” असं मास्तर म्हणाले. मधल्या दोन वेळी सगळं काम संगणकावर झालं होतं आणि रेषा कशा पोलिसानं उभ्या केल्यासारख्या. या वेळी आम्ही गटावरून मोहीमच काढली. हातानं करा, निब आणि शाईनं करा, नाहीतर करूच नका. मोहिमेचं पत्र मीच लिहिलं होतं. कंपनीनं चक्क ऐकलं.

त्या रविवारी काका बिस्किटांचा पुडा घेऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“बोलावलंय,” म्हणाले.

“कुणी? कुठे?” बाइंडरनं विचारलं.

“अरे, नकाशेवाल्याला. अकरा वर्षांनी. निम्मी पानं माझ्याकडे, निम्मी एका नव्या मुलीकडे.” मग बिस्किट चहात बुडवत, काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाले, “दुसऱ्या अंकापासून शाईवाल्यांची नावंही छापणार म्हणे.”

दहा मिनिटांनी विषय भलतीकडे गेलेला असताना त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. “नावं छापणार आहेत बरं का. नातीला माझं खरं वाटत नाही. म्हणते, आजोबा, तुम्ही काढलंय तर तुमचं नाव कुठंय? आता दाखवीन.”

अंक यायच्या दोन आठवडे आधी ते आमच्या लॅबमध्ये आले. उपाशीपोटी साखर तपासायची होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, बाही वर केली. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता आणि तो थरथरत होता. अंगठा आणि बोट सारखी एकमेकांवर घासत होती. मी पाहिलं, त्यांनी मला पाहताना पाहिलं.  मी डाव्या हातातून रक्त घेतलं, त्यांच्यापुढे फॉर्म सरकवला, त्यांनी सही केली आणि मी तो फायलीत लावला.

पहिला अंक आला तेव्हा मी भिंग घेऊन बसले. जुन्या रिवाजानं नावं दोनच होती, लेखक आणि पेन्सिलवाला. पहिली सोळा पानं पाहून मी हरखून गेले. विशेषतः पान सहा. नकाशेवाला टेबलावर नकाशा उलगडतो आणि त्यातली नदी कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरते. काय ते पाणी! सतराव्या पानापासून मात्र रेषा अडखळायला लागली. जहाजाचे दोर जागोजागी तुटलेले, चेहऱ्यांच्या कडा कापऱ्या, एका चौकटीत तर शाईचा गोळाच.

मला कोडं सुटायला एक मिनिटही लागलं नाही. थरथरता हात मी दोन आठवड्यांपूर्वीच पाहिला होता. खरं तर मी रेषा पाहिलीच नाही. खुर्चीच्या दांडीवरचा हात आठवला आणि मग रेषेत तो शोधला. शोधल्यावर सापडायचाच.

मी गटावर लिहिलं. फार प्रेमानं लिहिलं, हेच त्यातलं वाईट. पहिली सोळा पानं म्हणजे नव्या मुलीच्या ताज्या, निर्भय हाताची कमाल, असं लिहिलं. पुढची सोळा एका थोर हाताची शेवटची धडपड, असं लिहिलं. ‘हाताला आता कंप आहे हे मला जवळून माहीत आहे,’ असंही लिहिलं, म्हणजे माझ्या शब्दाला वजन यावं. शेवटी लिहिलं, अशा कलावंताला मानानं निरोप द्यावा, त्याच्याकडून ओढून-ताणून काम करून घेऊ नये. लोकांनी माझ्यावर फुलं उधळली. ‘भिंगताई, डोळे भरून आले.’ ‘हे धाडस तुम्हीच करू शकता.’ कुणीतरी विचारलं, कंपाचं कसं कळलं? मी उत्तर दिलं, आतली खबर.

कंपनीचा संपादक आमचा गट वाचतो हे आम्हाला माहीत होतं. त्याचा आम्हाला अभिमानच होता. आठवड्यानं त्यानं लिहिलं, ‘वाचकांच्या भावनांचा आम्ही आदर करतो.’ दुसरा अंक आला. पहिल्याच पानावर लेखक, पेन्सिल, शाई, अशी ठळक नावं. शाईच्या पुढे एकच नाव होतं, नव्या मुलीचं.

काका रविवारी नेहमीसारखे आले. बाकावर बसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन म्हटलं, “काका, वाईट नाही ना वाटून घेतलं?”

“भाषा चांगली आहे तुझी,” म्हणाले आणि चहाचा पेला उचलला.

मी त्याला माफी समजले. समजायला सोयीचं होतं.

पुढच्या बुधवारी दुपारी, लॅब रिकामी असताना, एक तिशीतली बाई आली. खांद्याला मोठी पिशवी, बोटांच्या पेरांत काळं. मला वाटलं तपासणीला आली.

“तुम्हीच भिंग ना?” तिनं विचारलं. मी हो म्हणाल्यावर ती उभ्या उभ्याच बोलायला लागली. “सतरापासूनची पानं माझी आहेत. पहिली सोळा काकांची. तुम्ही उलटं लिहिलंत.”

“शक्य नाही,” मी म्हटलं. हो, मी वाद घातला! समोर शाईनं भरलेली बोटं घेऊन जी उभी होती तिला मी तिचीच पानं शिकवायला निघाले. “मला काकांचा हात चांगला माहीत आहे.”

“मी आयुष्यभर संगणकाच्या पडद्यावर काम केलंय हो. निब पहिल्यांदाच हातात धरली. तुमच्या गटाला सगळं हातानं हवं होतं ना? रेघ ओढताना माझाच हात कापत होता.” तिनं फोन पुढे केला. फोटोत काका टेबलावर वाकलेले होते. हाताखाली पान सहा, नदी अर्धी काळी, अर्धी पेन्सिलची.

“मग तुम्ही संपादकांना सांगितलं का नाही?”

“निघाले होते. काकांनीच अडवलं.” ती खाली बघत म्हणाली. “आणि अडवल्यावर मी थांबले. त्यांचं न ऐकता जाता आलं असतं, पण नाव छापून येणार होतं माझं.”

ती गेल्यावर मी फायलींचं कपाट उघडलं. त्या तारखेचा फॉर्म काढला. खाली काकांची सही होती. लांब, मध्ये जाड, टोकाला सुईसारखी. कुठेही एक कापरा ठिपका नाही. ती माझ्यासमोर झाली होती, मीच कागद पुढे केला होता, मीच फायलीत लावला होता. दिवसभर काचपट्टीवरच्या ठिपक्यांत खोट काढणारी मी, त्या सहीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला माझीच इतकी लाज वाटली की हातातला फॉर्म परत लावायचंही सुचेना.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. एरवी त्या “ये गं” म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “या.” एवढ्यानंच मला माझी जागा कळली.

काका खिडकीशी टेबलाजवळ बसले होते. टेबल रिकामं होतं. निबांची डबी बंद, शाईची बाटली फडक्यात गुंडाळलेली. उजवा हात मांडीवर, आणि तो नाचत होता.

“काका, मी चुकले,” मी म्हटलं. 

“कळलं वाटतं.” त्यांनी हात वर करून माझ्यासमोर धरला. “हा रिकामा असला की नाचतो. कामाला लावला की गप्प बसतो. डॉक्टर म्हणाले, असतं असं काहींचं. बघ.” त्यांनी शिसपेन्सिल उचलली आणि वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ ओढली. पेन्सिल टेकली आणि हात शहाण्यासारखा थांबला. रेघ सरळ गेली. पेन्सिल ठेवली आणि हात पुन्हा सुरू.

“तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द पुरे होता!” मी जवळजवळ ओरडलेच. दोषी माणसाला दुसऱ्यावर ओरडायला फार बरं वाटतं.

“आमच्या स्टुडिओची रीत आहे. शिव्या पडल्या की ते पान वस्तादाचं. कुणीही केलेलं असू दे.” ते शांतपणे सांगत होते. “माझा पहिला अंक आला तेव्हा वाचकांची पत्रं आली होती. घोड्याचे पाय टेबलासारखे आहेत म्हणून. वस्ताद मालकाला म्हणाले, माझेच आहेत. मला निस्तरायला दोन वर्षं मिळाली. तोवर पाय सुधारले घोड्याचे. म्हणून तर आम्ही कधी सांगत नाही कुठलं पान कुणाचं. तुम्हाला तो खेळ वाटायचा.”

मी म्हटलं, “मी आजच दुरुस्ती लिहिते. सगळं खरं खरं लिहिते.”

“लिही. म्हणजे उद्या तुझे तीन हजार लोक त्या पोरीच्या मागे लागतील. तू शिकवलंयस त्यांना हात ओळखायला.” त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “माझा हात अजून किती दिवस ऐकेल कुणास ठाऊक. तिचा आता बसतोय. दुसऱ्या अंकातले दोर पाहिलेस? बरे आहेत.”

“पण तुमचं नाव…”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आतून काकूंचा आवाज आला. “दुसऱ्या अंकाच्या पाच प्रती सांगून ठेवल्या होत्या मी. नातीला, व्याह्यांना, सगळ्यांना द्यायला. पाचही घरात पडल्यात. हव्यात का तुम्हाला?”

मी मान खाली घातली. काका म्हणाले, “जाऊ दे गं.” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, “एक सांगतो, राग मानू नकोस. ओळखायला चुकलीस, त्याचं काही नाही. मोठमोठे चुकतात. पण माझा हात तू सुई टोचताना पाहिलास. तो तिथेच ठेवायचा होतास. लोकांत आणायचा नव्हतास.”

राग कसला मानणार? मी रडले. काकूंनी पाणी आणून दिलं, पेला माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. निघताना काकांनी माझ्याकडून शब्द घेतला. गटावर नाही, संपादकाला नाही, रविवारीही नाही. तोंड उघडायचं नाही.

तपासणीला आलेल्याची गोष्ट बाहेर फोडल्याची चूक मी लॅबमध्ये वरिष्ठांना सांगितली, लेखी समज घेतली आणि ती मला फार थोडी वाटली. गटावर लिहिणं कमी केलं, तर लोक म्हणाले, भिंगताई विनयशील झाल्या. सुटकाच नाही. माझा तो लेख अजून कुणी ना कुणी वर काढतं, नव्या सभासदांना वाचायला देतं. मी तो पुसून टाकला तर का पुसला हे सांगावं लागेल. म्हणून तो तिथेच आहे.

दीड वर्ष गेलं. मालिका चांगली चालली. मुलीचा हात खरंच बसला, आता तिचं पाणी पाहून लोक थांबतात. गेल्या महिन्यात मास्तरांनी तिला आमच्या रविवारी बोलावलं. बाइंडरनं पहिले बारा अंक एकत्र शिवून, निळ्या कापडात बांधून तयार ठेवले होते. खोली भरली होती. काका बाकाच्या टोकाला, त्यांच्या शेजारी मी. मुलगी समोरच्या स्टुलावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

मास्तरांनी पुस्तक उघडून सगळ्यांना दाखवलं. “पान सहा. गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात सुंदर पान, असं मी म्हणतो. नव्या मंडळींसाठी आपला जुना खेळ होऊन जाऊ दे. भिंग, सांगा, हात कुणाचा?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुलीनं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते. नदी कागदावरून टेबलावर उतरत होती, लांब, मध्ये जाड, टोकाला सुईसारखी. खोलीत कुणालाही दिसलं असतं, पण माझा लेख वाचल्यापासून कुणी पाहिलंच नव्हतं. मी काकांकडे वळले. ते चहा फुंकत होते. दुसरा हात गुडघ्यावर नाचत होता.

“हिचा,” मी मुलीकडे बोट करून म्हटलं. 

“बरोबर,” काका म्हणाले. “बरोबर ओळखलंस.”

 बाइंडर स्टुलावरून उठलाच. “काका! अहो, आज पहिल्यांदा उत्तर दिलंत तुम्ही!” मास्तर म्हणाले, आता भिंगाला शिक्का मिळाला, आता कुणी शंका घ्यायची नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांना वाजवता येत नव्हत्या, हातात पेला होता. मी वाजवल्या.